बायजानं घेतलेलं नाव

मंडळी, काल कीर्तन सुटल्यावर एका माउलीनं मला पायरीवर गाठलं. म्हणाली, "बुवा, उद्या प्रीतीचं आख्यान लावा. पण शेवट गोड करा हं! शेवटी माणूसच गेलं, तर ती प्रीती फुकटच की!"

आज तुम्हालाच विचारतो – शेवट कडू झाला, तर प्रीती फुकट जाते का? आधी ऐका. मग सांगा.

खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा. तिथं धाकू आणि त्याची बायको बायजा. नवं लग्न! सासूनं बजावलेलं, "नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेशील तितकं त्याचं आयुष्य घटतं." बायजानं ते काळजावर कोरलं. सदा आपलं "अहो!" धाकू चिडवायचा, "एकदा तरी धाकू म्हण की!"

"गप बसा! जगायचंय ना तुम्हाला?"

हसताय? तुमच्या घरी 'अहो' म्हटल्यावर पेपरातून डोकं तरी वर येतं का?

तर – धाकू आणि म्हातारा म्हादूकाका पहाटे होडी घेऊन गेले, आणि मागून धुकं उतरलं. असं धुकं, आपला हात आपल्याला दिसेना! खाडीच्या तोंडाशी खडक. त्यांतून एकच वाट. आणि बाहेर धुक्यात कितीतरी होड्या अडकलेल्या! बायका किनाऱ्यावर धावल्या. हाकेच्या रोखानं होडी आणायची, दुसरा उपाय नाही. पण हाक काय? इकडून "अहो!" तिकडून "अहो!" सगळीकडून "अहो!" मंडळी, धुक्यातल्या माणसानं कुणाचं 'अहो' आपलं समजायचं?

बायजा त्या वाटेसमोर उभी. तिला कळलं, नाव घ्यायला हवं. घेतलं तर आयुष्य घटतं. नाही घेतलं, तर तो खडकावर! काय करील ती पोर? तुम्ही काय केलं असतं? ओठ हलतायत, आवाज फुटेना. सासूनं दंड धरलेला – "घेऊ नको गो!"

आणि धुक्यात लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"धाकू! ए धाकू! इकडं!"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. धुक्यातून आलं – "ओ!"

मग ती ओरडतच राहिली. पाण्यात रिकाम्या पिंपाला धरून तरंगणारं एक डोकं दिसलं. बायजा कमरेएवढ्या पाण्यात धावली. जवळ जाते तो – म्हादूकाका! मागं कुणी नाही.

सासूनं हंबरडा फोडला, "नाव घेतलंस! खाल्लंस माझ्या लेकाला!"

"वैनी, तिला बोलू नको," म्हादूकाका धापा टाकत म्हणाला. "होडी आधीच फुटली होती. माझा हात मोडला, पिंप एकच. धाकूनं मला दिलं. म्हणाला, हाकेकडं पाय मारा, मी येतो मागनं. लाट आली, आणि… वैनी, हसत होता गो! म्हणाला, 'काका, ऐकलंत? घेतलं बघा शेवटी!'"

बायजानं एवढंच विचारलं, "ऐकलं त्यांनी? नक्की?"

"ऐकलं."

ती वळली. धुक्यात अजून होड्या होत्या. किनाऱ्यावरच्या बायकांना म्हणाली, "इकडं या. नावं घ्या गो! नावं घ्या!"

एकीनं घेतलं. दुसरीनं घेतलं. एकेक होडी आत आली.

माउली, आज आलायत ना? शेवट गोड करायला मी बसलो होतो. जमलं नाही. दोघांतलं एक आधी जाणारच. माझ्या घरी ती आधी गेली. गोड शेवटाचीच प्रीती खरी म्हणाल, तर जगात एकही उरायची नाही. फुकट जातं ते भीतीनं ओठांत अडकलेलं.

बायका या बाजूला, पुरुष त्या बाजूला. मधे हातभर वाट. आरतीचं तबक जरा खाली ठेवा. ज्यांचं माणूस पलीकडं बसलंय, त्यांनी नावानं हाक मारा. मोठ्यानं! आत्ता!

लाजू नका. मी थांबतो.