दोन बोटं कापड

गंगाखेडहून परभणीला निघालेल्या एसटीत दिपाली तीन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या बाकावर म्हातारे सांबप्पा टेलर आणि त्यांचा पुतण्या बसवेश्वर बोलत होते.

"काका, बुलेटप्रूफ जाकिटं परदेशी धाडायची तर सरकारी परवाना लागतो. कोण घालणार त्याचा दाखला आलाय. मापं तपासली म्हणून तुमी सही करा."

"दाखल्यात कोण घालणार लिव्हलंय?"

"दोनशे पहारेकरी."

"आन् मापात छाती चोवीस इंच?"

"बारीक असतील तिकडली माणसं."

"येड्या, चाळीस वर्सं शिवायलोय मी. ऑर्डरीसंगं आलेली त्यांची चिठ्ठी वाच की."

"शिलाईत दोन बोटं कापड आत सोडा, पुढं उसवता आलं पायजे, असं हाय."

"तसं कापड आपन कशाला सोडतो रे?"

"काका, जाऊ द्या ना."

"कशाला सोडतो?"

"शाळेच्या डिरेसला."

"मग पेन ठेव खिशात. मी सही करत न्हाई."

"दुसरा कुणीबी करंल. त्यांची पुढची ऑर्डर बी आलीय."

"किती इंची?"

"वीस."

दिपालीने लेकीचा वीस इंची फ्रॉक बगलेपाशी हळूच उलटा केला. आत सोडलेलं कापड तिने बोटांनी मोजलं.