पांढरे गोल

आम्ही बसच्या रांगेत होतो. समोर गरम पाण्याचं मशीन घेऊन दाजी आणि त्यांचा मेव्हणा फुटपाथ धूत होते.

"दाजी, सगळं च्युइंगम निघालं बघा."

"अरे, च्युइंगम होतं तेवढीच जागा धुतलीस?"

"काम च्युइंगमचंच होतं ना?"

"बाकी फुटपाथ काळा आणि त्यावर तुझे पांढरे गोल! चितळ झोपल्यासारखं दिसतंय."

"मग सगळाच धुतो."

"पाणी संपलं, गाढवा. साहेब आत्ता येतील. आज काम पसंत पडलं तरच तुला ठेवणार आहेत."

"ताईला काय सांगायचं?"

"तिला तोंड मला द्यायचंय. गोल किती?"

"अकरा."

"रांगेत माणसं नऊ. दोन गोलांवर आपण. अहो मंडळी, जरा एकेका गोलावर उभे राहता का?"

"आमची बस चुकेल हो!"

"काकू, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे."

आम्ही उभे राहिलो. साहेब आणि बस एकदमच आले.

"छान झालंय काम. पण ही माणसं बसमध्ये का चढत नाहीत?"

"साहेब, इतका स्वच्छ फुटपाथ सोडून जायला त्यांचा पाय निघत नाहीये."