भाऊ नाही हो आम्ही!

...अहो नाही! भाऊ नाही हो आम्ही! सख्खे नाही, चुलत नाही, मावस नाही, लांबचे नाही, काही म्हणजे काही नाही! हसताय तुम्ही... हसा. पण तुम्हाला सांगतो, सरकारी खिडकीसमोर उभं राहून, ज्याच्याशी लग्न करायचंय त्याच्याकडे बोट दाखवून "हा माझा भाऊ नाही" असं ओरडायची वेळ तुमच्यावर आली होती का? नाही ना? मग ऐका.

तर मी अनीश, नागपूरचा. आणि तो माझा देव, म्हणजे देवदत्त, सांगलीचा. अमेरिकेत, एडिसनच्या पलीकडे एका गावात सहा वर्षं एकत्र राहतोय. आणि लग्न म्हणजे, लग्न म्हणायचं नाही बरं का, 'सिव्हिल युनियन'! दोन हजार सातच्या फेब्रुवारीपासून न्यू जर्सीत तसा कायदा आलाय. हक्क सगळे देतो म्हणाले, फक्त तो शब्द तेवढा देणार नाही. म्हणजे पंगतीत बसा, जिलबीसुद्धा घ्या, फक्त याला जेवण म्हणू नका! बरं बाबा, नाही म्हणत. कारण मला त्या युनियनचं लायसन्स हवं होतं, हवं म्हणजे हवंच होतं. आदल्या वर्षी देवचं अपेंडिक्स फुटलं, मी हॉस्पिटलात धावत गेलो, तर नर्स विचारते, "हू आर यू?" काय सांगणार? म्हटलं, रूममेट. झालं! रूममेट बसा बाहेर. आत देव विव्हळतोय आणि मी बाहेर जुनी मासिकं चाळतोय... संताप संताप झाला हो माझा.

म्हणून मे महिन्यात एका सकाळी दोघं इस्त्रीचे शर्ट घालून टाउनशिपच्या ऑफिसात गेलो. साक्षीदार लागतो, त्या म्हणजे आमच्या वसुधाकाकू. काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. राहायला आलो तेव्हा भीतीपोटी सांगितलं होतं, आम्ही मावसभाऊ. काकूंना महिनाभरात खरं काय ते कळलं, पण मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की त्याच आमच्या आधी सांगायच्या, "मावसभाऊ आहेत हो, गुणी पोरं!" सहा वर्षं सांगून सांगून काकूंच्या जिभेला वळणच पडलं.

खिडकीत एक गोड बाई, चष्म्याला मण्यांची साखळी. "सो हॅपी फॉर यू बॉइज" वगैरे म्हणाली, पासपोर्ट घेतले... आणि थांबली. एक पासपोर्ट बघते, दुसरा बघते, परत पहिला बघते. अनीश प्रल्हाद कुलकर्णी. देवदत्त प्रल्हाद कुलकर्णी.

"हनी," ती हळूच म्हणाली, "फादर्स नेम?"

मी म्हटलं, प्रल्हाद कुलकर्णी. देव म्हणाला, प्रल्हाद कुलकर्णी.

आता तुम्हीच सांगा, यात आमचा काय दोष? महाराष्ट्रात दगड भिरकावला तर कुलकर्ण्याला लागतो, आणि त्या पिढीत गल्लीगल्लीत एक प्रल्हाद! पण हे तिला कसं सांगणार? "मदर्स नेम?" मी म्हटलं रत्ना, देव म्हणाला शुभा. बाईचा चेहरा असा पडला! एक बाप, दोन आया... तिने मनातल्या मनात माझ्या बाबांचं दुसरं लग्न लावून टाकलं! माझे बाबा! पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, आईशी बोलतानासुद्धा "विषय काय आहे?" विचारणारे!

मी ओरडलो, "वी आर नॉट ब्रदर्स!"

आणि तेवढ्यात... तेवढ्यात काकू पुढे झाल्या. सरकारी खिडकी दिसली, पोरं अडचणीत दिसली, आणि जिभेचं वळण जागं झालं. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "नो नो मॅडम! नॉट ब्रदर्स! कझिन ब्रदर्स!"

काकू!!! बाईला त्यातलं ऐकू आलं फक्त 'ब्रदर्स'. तिने पेन खाली ठेवलं. "आय हॅव टू आस्क माय सुपरवायझर..."

देव म्हणाला, मॅडम, माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. बाईने माझ्याकडे पाहिलं, "अँड युअर्स?" म्हटलं, आहेत, जिवंत आहेत, फक्त... माझ्याशी बोलत नाहीत. कसे बोलतील? दोन वर्षांपूर्वी फोनवर देवबद्दल सांगितलं, त्या दिवसापासून मी फोन केला की "घे गं, तुझा आहे" म्हणून आईकडे देतात. बाईचा चेहरा अगदी कनवाळू झाला. तिला वाटलं, बाप एकच आहे, गेलाय, आणि या बिचाऱ्याला अजून पटत नाहीये! अहो, भाऊ नाही हो आम्ही!

"थांब," काकू म्हणाल्या, "जिवंत आहेत ना? मग बोलतील." आणि मी हां हां करेपर्यंत काकूंनी पर्समधून मोबाइल आणि फोनकार्ड काढून नागपूर लावलंसुद्धा! "अनीश नीट जेवतो का" हे आई काकूंनाच विचारते, त्यामुळे नंबर तोंडपाठ. फोन उचलला बाबांनी. काकू एका दमात, "भावजी मी वसुधा अमेरिकेहून लायसन्सला आलोय इथली बाई म्हणते देवदत्त पण तुमचाच मुलगा, तेवढं नाही म्हणून सांगा!" आणि फोन स्पीकरवर.

म्हटलं आता म्हणणार, कोण देवदत्त? म्हणणार, कोण अनीश?

मग बाबांचा खाकरण्याचा आवाज आला, आणि त्यांचं ते सरकारी इंग्रजी. "मॅडम, देवदत्त इज नॉट माय सन. माय सन इज अनीश. ओन्ली अनीश."

ओन्ली अनीश! दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं हो... रडलो मी, खिडकीचा कट्टा धरून रडलो. बाबा थांबले, परत खाकरले. "देवदत्त इज... सन-इन-लॉ. काइंडली प्रोसीड."

जावई! बाई साखळीसकट डोळे पुसते, काकू तिला टिश्यू देतात, देव भिंतीकडे तोंड करून उभा. तीन दिवसांनी या, म्हणाली, लायसन्स तयार असेल.

मिळालं. झालं सगळं. पण पुढचं ऐका ना! तेव्हा नेमका अधिक महिना चालू होता. आणि अधिकात जावयाला काय द्यायचं असतं? अनारसे! नागपूरहून पार्सल आलं, आईने तळलेले, बाबांनी स्वतः पॅक केलेले, सरकारी गाठ मारलेली. पत्ता बाबांच्या अक्षरात, 'चि. देवदत्त प्रल्हाद कुलकर्णी'. मला? मला काय? मी घरचाच! आता बाबा रविवारी फोन करतात, मी उचलला की म्हणतात, "हां, बरा आहेस ना? जावयांना दे." म्हणजे आधी आईकडे द्यायचे, आता देवकडे द्यायला लावतात!

आणि ते पार्सल घेऊन पोस्टमन दारात आला, नावं वाचली, कुलकर्णी टू कुलकर्णी, प्रल्हाद टू प्रल्हाद. देवला म्हणाला, "फ्रॉम युअर डॅड?" आणि तुम्हाला सांगतो, देव, ज्याने शाळेपासून कोणाला बाबा म्हटलेलं नाही, तो खोका पोटाशी धरून म्हणाला, "येस. माय डॅड."

पोस्टमनने माझ्याकडे बघितलं. "सो यू मस्ट बी द ब्रदर!"

देवकडे बघितलं, तो खोका सोडायला तयार नाही... म्हटलं, हो बाबा. भाऊ तर भाऊ. सही कुठे करू?