रेघ कुणी मागं नेली?

मंडळी, ऐका! कीर्तन सुरू झालंय, गप्पा आवरा आता. ते मागचे फेटेवाले, मोबाइल खिशात घाला. देव काही फोटो काढून घ्यायला बसलेला नाही इथं!

आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे, त्याचं खरं उत्तर द्या. एखाद्याचा नेम चुकला, तर चूक कुणाची? बोला ना! जेवताना बरं तोंड उघडतं! ... काय म्हणालात? नेम धरणाऱ्याची? बघा, कसे एका सुरात बोलले! बरं, असू दे. तुम्ही काय बोललात ते मी ध्यानात ठेवतो. आता गोष्ट ऐका.

बोरखिंड नावाचं गाव. गावाचा देव भैरोबा, मोठा कडक! त्याच्या जत्रेची एक चाल होती. देवळापुढं वड, वडाच्या फांदीला मडकं टांगायचं. मडक्यात गुलाल. ते मडकं लांबून बंदुकीनं फोडायचं. गुलाल जमिनीवर सांडला की मगच पालखी खांद्यावर घ्यायची. तोवर भोयांनी दांडीला हात लावायचा नाही! पूर्वी ठासणीची बंदूक होती. पुढं परवान्याची लफडी सुरू झाली, म्हणून छऱ्याची बंदूक आली. छर्रा तो केवढासा! म्हणून कुंभार मडकंही कच्चं आणि पातळ घडवायचा, लागलं की फुटलं पाहिजे.

आणि हा मान कुणाचा? थिट्यांच्या घराचा. पणज्यापासून चालत आलेला. आत्ता मान होता दौलतअण्णा थिट्यांकडं. अण्णांचा नेम असा, की मडकं कधी शाबूत राहिलं नाही. पण म्हातारपण कुणाला सुटलंय? डोळ्यांवर पडदा आला, हात थरथरायला लागला. दाढी करताना गाल कापून घेणारा माणूस बंदूक काय धरणार? मुलगा नाही. एक लेक, सगुणा.

आता ही सगुणा माहेरी परत आलेली. का आली? नवरा मारायचा. चांगला मारायचा, चुलीतल्या लाकडानं! आली बिचारी जीव घेऊन. आणि गाव काय म्हणतं? "नांदली नाही!" ऐकताय ना? ज्यानं लाकूड उचललं त्याच्या दारात जाऊन कुणी विचारलं नाही, "का रे बाबा, का मारलंस?" विचारणार कसे? तो पाहुण्यांना बकरं कापून जेवू घालतो! दोष सगळा हिच्या माथ्यावर. माझं तर डोकं फिरतं हो!

जत्रेची बैठक बसली. जत्रा कमिटीचे मुख्य शिवराम आबा गव्हाणे. पांढरे शुभ्र कपडे, बोटात अंगठ्या, बोलणं गोड, अगदी पाकात घोळलेलं! या आबांच्या मनात कित्येक वर्षं एकच होतं, तो मान आपल्या घरी यावा. ते म्हणाले, "अण्णा, तुमचा हात आता चालत नाही. वाईट वाटून घेऊ नका. मान आमच्याकडं द्या, आम्ही सांभाळू."

अण्णा म्हणाले, "आबा, माझी सगुणा धरील बंदूक."

झालं! बैठकीत जणू मधमाश्या उठल्या. "बाई? देवापुढं बंदूक?" "अहो, दिल्या घरची झाली ती, तिला माहेरचा मान कसला?" "आणि ती तर नांदतही नाही!"

अण्णा उठून उभे राहिले. हात थरथरत होता, आवाज नाही. "ती माझ्या घरची भाकरी खाते, माझ्या गोठ्यातलं शेण काढते, माझं आजारपण काढते. तेवढ्याला ती माझ्या घरची. मान आला की दिल्या घरची? कुठला न्याय हा?"

सगळे गुरवाकडं बघायला लागले. गुरव म्हातारा, पण माणूस सरळ. तो म्हणाला, "थिट्यांच्या रक्तानं मडकं फोडायचं, एवढंच मला ठाऊक. रक्त लुगड्यात आहे का धोतरात, ते देवानं कधी विचारलेलं नाही."

मग आबा हसले. तोच गोड आवाज! "होऊ द्या की! आम्ही का लेकीबाळींचे वैरी आहोत? पण बंदूक तिची, तर जबाबदारीही तिची. चालीप्रमाणं दोन छर्रे. दोन्ही हुकले, तर मान गव्हाण्यांचा. कायमचा. कबूल?"

अण्णा काही बोलायच्या आत दाराआडून आवाज आला, "कबूल!" सगुणा होती ती.

आता ती बंदूक शिकली कशी, ते ऐका. आवडेल तुम्हाला, विशेषतः त्या कोपऱ्यातल्या मंडळींना, शिकार म्हटली की ज्यांचे कान उभे राहतात!

अण्णांनी परड्यात जुनी मडकी टांगली. जत्रेत जितक्या लांबून फोडतात, तितक्याच लांब तिला उभं केलं. म्हणाले, "नळीच्या टोकाला हा बारीक उंचवटा दिसतो ना, ती माशी. डोळ्याजवळ ही खाच. खाचेत माशी बसव, माशी मडक्याच्या पोटावर टेकव. श्वास अर्धा सोड आणि बोट हळूच ओढ. हिसका नको." पोरगी तरबेज! थोड्याच दिवसांत मडकी फुटायला लागली. शेजारीण कुरकुरली, "अगं, आमच्या दह्याला तरी एखादं ठेव!"

सगुणा खूश. म्हणाली, "अण्णा, आलं मला!"

अण्णा म्हणाले, "कुठलं आलं! चल, त्या शेवग्यापाशी जाऊन उभी राहा."

शेवगा बराच मागं होता. तिथून तिनं नेम धरला. तीच खाच, तीच माशी, मडक्याचं पोट बरोबर माशीवर. आणि छर्रा? मडक्याच्या खालून गेला! पुन्हा धरला. पुन्हा खालून! पोरगी चिडली. "बंदूकच वाकडी झाली, अण्णा!"

अण्णा हसले. "बंदूक तीच, छर्रा तोच, हातही तुझाच. अंतर बदललं, बाई! छर्रा काय सरळ जातो असं वाटलं तुला? नळीतून सुटला की जमीन त्याला खाली ओढायला लागते. जितका लांब जाईल, तितका खाली येईल. लांबून मारायचं तर माशी मडक्यावर ठेवून भागत नाही, वर धरावी लागते. किती वर? ते अंतर सांगेल."

मग काय! चार बोटं वर, वीतभर वर. कधी वरून गेला, कधी दोरीला लागला. मग एकदाचं फुटलं! तेव्हा अण्णांनी तिला एकदम जवळ बोलावलं, मडक्यापासून दोन पावलांवर. "आता मार." सगुणा हसली, इथून काय चुकायचं? मारला. तर बोटभर खाली!

मंडळी, हे ऐकून मीही चकित झालो होतो. इतक्या जवळून चुकतं? चुकतं! कारण डोळा असतो वर आणि नळी असते खाली. छर्रा निघतो तोच डोळ्याच्या खालून. म्हणजे जवळच्यालाही नेम थोडा बदलून धरावा लागतो. (काय बापूराव, पेटी वाजवता वाजवता मान हलवताय! घरी जाऊन वहिनींपुढं हलवा!)

असं जवळून, लांबून, मधून तिनं परड्यातली सगळी जमीन तुडवली. बोटांना घट्टे पडले. दर वेळी नळी खाली वाकवून छर्रा भरायचा म्हणजे खांदा दुखतो. पण हटली नाही. आपल्या बापाचा मान आपल्यामुळं दुसऱ्याच्या दारी जाणार, हे तिला झोपू देत नव्हतं.

जत्रेचा दिवस आला. ढोल, ताशे, हलगी, नुसता कल्लोळ! माणसं एवढी, की दीपमाळेचा पायाही दिसेना. नेम धरायची जागा म्हणजे जमिनीवर फक्कीनं ओढलेली पांढरी रेघ, तीही दरवर्षी दीपमाळेला लागून. अण्णा पायरीवर बसले. दिसत तर काही नव्हतं, नुसते कान लावून होते. सगुणा गर्दीतून वाट काढत आली. हजार डोळे तिच्यावर! कुणी म्हणतंय, "पदर बघा कसा खोचलाय!" कुणी म्हणतंय, "नवरा सांभाळता आला नाही, बंदूक सांभाळणार!" पोरीनं मान खाली घातली, पायाखाली फक्की दिसली, तिथं उभी राहिली. देवाच्या दारात रेघेवर कोण संशय घेतो हो?

बंदूक उचलली. खाच, माशी, मडक्याचं पोट. श्वास अर्धा सोडला. ठप्प!

छर्रा खालून गेला! मागच्या खोडात रुतला.

आणि मग जे हसले लोक! दात काढून हसले. ताशेवाल्यानं मुद्दाम एक टिपरी मारली. आबा गोड आवाजात म्हणाले, "असू दे पोरी, असू दे. बाईमाणसाचं काम नव्हे ते!" पायरीवर अण्णांनी डोळे मिटून घेतले.

सगुणानं मूठ उघडली. एकच छर्रा उरला होता. तो गेला की पणज्याचा मान गेला, बापाच्या जगण्यातलं उरलंसुरलं गेलं! तिनं छर्रा भरला, बंदूक उचलली आणि थांबली. काहीतरी चुकत होतं. रोज परड्यात जत्रेच्या अंतरावरून माशी मडक्याच्या पोटावर टिकलीएवढी दिसायची. आज त्याच माशीनं अर्धं मडकं झाकून टाकलं होतं! मडकं लहान झालं? नाही. मडकं लांब गेलं होतं!

तिनं काही आरडाओरडा केला नाही. बंदूक खाली घेतली नाही. माशी हळूहळू वर नेली. मडक्याचं तोंड सोडलं, दोरी सोडली, वर वडाची फांदी आली. लोक ओरडले, "अगं बाई, फांदीवर काय धरतेस? मडकं खाली आहे!" "डोळे गेले का हिचे?" तिनं फांदीवर माशी ठेवली, आणि बोट ओढलं.

फाट्! मडकं फुटलं! गुलालच गुलाल!

भोयांनी पालखी उचलली, ढोलावर टिपरू पडलं, आणि तेवढ्यात आबा ओरडले, "थांबा! हे चालणार नाही!"

सगळं थांबलं. आबांचा पाक उतरला होता. "मी तिच्या मागंच उभा होतो! तिनं नेम मडक्यावर धरलाच नव्हता. फांदीवर धरला होता, फांदीवर! हा नेम नव्हे, ही चुकून लागलेली गोळी आहे!"

सगुणा वळली. गुलाल तिच्या अंगावर नव्हता, पण तोंड लाल झालं होतं. तीही ओरडली. का ओरडू नये?

"होय आबा! फांदीवरच धरला होता! रेघ मागं होती, म्हणून नेम वर न्यावा लागला. दीपमाळेपासून मारायचं असतं तर मडक्यावर धरला असता. आता सांगा, रेघ कुणी मागं नेली?"

मंडळी, तक्रार करायला गेला आणि स्वतःच्या तोंडानं सापडला! पालखीसाठी गर्दी सरकली होती, सगळ्यांनी खाली पाहिलं. पांढरी रेघ दीपमाळेपासून कितीतरी मागं. पुढं जमिनीवर जुनी फक्की पायानं पुसलेली दिसत होती. आबा? अंगठ्या फिरवतायत बोटात.

पण थांबा. नुसते आबांवर चिडू नका, फार सोपं आहे ते! आबांनी रेघ काय अंधारात पुसली होती? सकाळी पुसली, उन्हात! कमिटीचे लोक तिथं होते. मंडपवाले होते. ताशेवाले होते. ज्यानं फक्कीचं घमेलं धरलं तोही होता. सगळ्यांनी पाहिलं. आणि पहिला छर्रा हुकला तेव्हा हेच सगळे दात काढून हसले! हेच लोक म्हणाले, "बाईमाणसाचं काम नव्हे!" अरे, लाज वाटली नाही? संताप येतो मला, अजून येतो!

अण्णा पायरीवरून म्हणाले, "रेघ कुणी हलवली, बोला की रे! थिट्यांच्या हातचा गुलाल जन्मभर कपाळाला लावलात!" जो तो दुसऱ्याकडं बघतोय.

शेवटी पुढचा भोई म्हणाला, "आबा, भैरोबाची पालखी एकदा खांद्यावर आली की वेशीपर्यंत टेकवत नाहीत. तुमचा वाद तुम्ही घाला, आम्ही निघालो." आणि निघाले! पालखी निघाली म्हटल्यावर गाव निघालं. आबाही निघाले, सगळ्यांच्या मागून.

सगुणा बापाजवळ येऊन बसली. अण्णांनी चाचपडत तिचा हात धरला. शाबासकी दिली नाही, रडले नाहीत. एवढंच विचारलं, "किती वर धरलंस गं?"

ती म्हणाली, "वीतभर, अण्णा."

"मग रेघ पार शेवग्याइतकी मागं नेली होती मेल्यांनी!" आणि म्हातारा हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तर मंडळी, आता माझा प्रश्न. नेम चुकला तर चूक कुणाची? ... का, आता का गप्प? मघाशी तर एका सुरात ओरडलात! सून नवी असते, तिला न सांगता रेघ मागं नेता आणि म्हणता, हिला काही येत नाही. पोरीला शाळेत उशिरा घालता, भांडी घासून पाठवता आणि म्हणता, हिचं डोकं चालत नाही. आणि जे नेत नाहीत, ते घमेलं धरतात!

टाळ्या नकोत! टाळ्या थांबवा आधी! मान वर करा आणि मागं बघा जरा. बघा! सगळ्या बायाबापड्या कुठं बसल्यात? मंडपाच्या बाहेर, जनरेटरशेजारी! त्यांना एक शब्द तरी ऐकू आला असेल का? दुपारी त्यांची सतरंजी इथं होती, माझ्या समोर. पाहुण्यांच्या खुर्च्या आल्या आणि ती मागं गेली. कुणी नेली? तुम्ही सगळे इथंच होतात, सगळ्यांनी पाहिलं. आणि घरी जाताना म्हणाल, बायकांचं कीर्तनात लक्षच नसतं!

उठा! पाहुण्यांनी आधी उठा. खुर्च्या उचला, ती सतरंजी पुढं घ्या. तोवर आरतीचं तबक मी हातात धरणार नाही, भैरोबाची शपथ! बापूराव, पेटी बंद करा. बसू आपण वाट बघत.