मकोआच्या मापाची फळी

इस्त्रीनंच, हो! शर्टांच्या इस्त्रीनं— हसा, हसा, आमची शेजारीण नाकामुराकाकूही हसली होती. लाटेवरच्या फळीचा फोम कापला की कड खरबरीत राहते, पोटाला घासते. मग वर वर्तमानपत्र घालायचं आणि इस्त्री फिरवायची. तुमच्या कॅलिफोर्नियाच्या कारखान्यात यंत्रं असतील त्याला, पण सुरुवात झाली ती इथं हवाईत, कोना गावातल्या या गाडीच्या शेडमध्ये— मी आणि माझा भाऊ मकोआ. बसा ना, खोक्यावर बसा. साचा न्यायला आलात, न्या. फोनवर देते म्हटलंय ना? हात भरून येतात आता माझे.

लाकडी पाइपो, म्हणजे आखूड फळी, सगळेच वापरायचे इथं, पोटावर झोपून लाटेवर. बरगडीत बसला की आठवडाभर हसायची सोय नाही. मकोआ म्हणाला, ‘ताई, मऊ केला तर?’— आणि आडवाच झाला फोमवर. ‘काढ माझ्याभोवती रेघ.’ काढली, सुताराच्या पेन्सिलीनं— गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होता मेला— नाही, तसं नाही म्हणायचं. डावा खांदा त्याचा जरा खाली, लहानपणी आंब्यावरून पडला होता. म्हणून फळीही त्या बाजूला फुगीर. त्या रेघेवरूनच हा प्लायवुडचा साचा. लोक तक्रार करायचे, फळी डावीकडे ओढते. मी म्हणायचे, तुम्हीच नीट चिकटवली नसेल! सुटे भाग पाठवायचो ना आम्ही टपालानं— फोम वेगळा, वरचं आवरण वेगळं, चिकटवायचं ज्याचं त्यानं. पोरांना स्वस्त पडायचं. बघता बघता माउई बेटावरून मागण्या, मग ओआहूवरून—

ती फुगीर बाजू सरळ करणार म्हणता. करा. धंदा आहे.

काय? मकोआ? हो— त्याच हिवाळ्यात. मोठी लाट होती, नव्या फळीला हीच हवी म्हणाला. मनगटाला बांधायची दोरी तेव्हा नव्हती, कुणाला सुचलीच नव्हती. संध्याकाळी फळी आली खडकाशी. नुसती फळी. तो नाही... काहीच नाही आलं त्याचं.

लोकांना वाटलं, बाई आता शेड बंद करेल. मी दुप्पट कापायला लागले. नाकामुराकाकू म्हणायची, ‘किती पैसा हवाय गं तुला?’ पैसा! अहो, सकाळी किनाऱ्यावर उभे राहा— पोरं येतात ना लाटेवरून, हनुवटी वर, डावीकडे जराशी झुकलेली— लांबून सगळी तोच. मी जाते खाली, प्रत्येकाचं तोंड बघते. एवढ्या फळ्या पाण्यात सोडल्यात आम्ही, सगळ्या त्याच्या मापाच्या— दमला असेल हो तो, एखादी तरी लागेल की हाताला—

तुमच्या तिकडच्या पाण्यात सोडून काय उपयोग? तो इथं आहे.

असं बघू नका माझ्याकडे.

कागद ठेवा खिशात. नाही, सही नाही. काही देणार नाही मी. साचा खाली ठेवा, साहेब— हात काढा त्याच्यावरून. जा तुम्ही.