जपानी मास्तर आणि रिकामा पाळणा

अरे मास्तर, हात काढ त्या पाळण्यावरनं! रिकामा पाळणा हलवत नाहीत रे — तुमच्या जपानात चालत असेल, आमच्या माजिवड्यात नाही चालत. हां, बस असा ओटीवर. हसतोस काय? ठाण्याच्या साहेबाच्या पोरींना पियानो शिकवता शिकवता चार शब्द मराठी उचललेस, म्हणून सगळं कळतं होय? मला साठी उलटली तरी कळलेलं नाही. तर तू पोरांची गाणी बनवतोस — धंदाच तो? चांगला मिशीवाला बाप्या दिवसभर बेडूक काय, चिमणी काय, आणि त्यावर साहेब जेवायला घालतो! उगाच मी दुसरीतनं शाळा सोडली. ती पोरं बघ, कुंपणामागे दबा धरून बसलीत — मीच सांगितलंय त्यांना, मास्तराच्या पिशवीत गाणारं भूत आहे म्हणून. एकदा भॉक कर ना! — नको, नको, राहू दे. आत सून आहे. शेवंती. पहाटेपासून अडलीय. सखुबाई सुईण बसलीय तिच्यापाशी, आणि तिचा नवरा, आमचा भिवा, पळाला मिठागरावर. मीठ ओढायला म्हणे! अरे, काल सगळं ओढून झालंय. मी तरी काय करतोय — तुझं डोकं खातोय.

काय गुणगुणतोस? अंगाई? नवी बनवलीस? गोड आहे रे — पण थांब. थांब म्हणतो ना! मूल यायच्या आधी अंगाई म्हणत नाहीत, बारशाला म्हणायची. मग पाळणा कशाला टांगलाय म्हणतोस? तो गेल्या खेपेचा. त्याच्या आधीच्या खेपेचाही तोच. सोडवायला कुणाचा हात धजत नाही. दोन्ही पोरं आली ती गप्पच आली रे — सखुबाईनं पाठीवर थापट्या मारल्या, मी इथून थाळा बडवला — थट्टा नाही करत, खरंच बडवला, सगळं गाव गोळा झालं — पण गप्पच.

श्श्. कण्हणं थांबलं बघ आतलं. आता तू बोलू नकोस. तू कुठे बोलतोस म्हणा, मीच आपला —

ऐकलंस? मांजर असेल. नाही, मांजर नाही — रडतंय! अरे, रडतंय रे मास्तर! सखुबाई, मुलगा की मुलगी ते मग सांग, आधी रडू दे त्याला! आणि तू, खबरदार गाणंबिणं सुरू केलंस तर — आज त्याला कुणी गप्प करायचं नाही. ऊठ, नीघ आता. माझ्या डोळ्यांकडे काय बघतोस? जा म्हणतो ना.