निगेटिव्हचा नट

ऐका. शेंगा नंतर फोडा, मला मधे आवाज चालत नाही.

आपला हैबती वायरमन. दिवस बुडला होता, जेवायला बसला होता, तेवढ्यात फोन आला. दिघे मास्तर म्हणून एक रिटायर माणूस बायकोला घेऊन घरगाडीतनं देश बघत फिरत होता. घरगाडी म्हणजे गाडीतच पलंग, शेगडी, सगळं. ती कोळगिरीच्या तलावाच्या बांधावर बंद पडली होती. बायको शरयूताई, त्यांना दम लागायचा. नाकात नळी, नळी ऑक्सिजनच्या मशीनला, आणि मशीन गाडीच्या बॅटरीवर. "मशीनची स्वतःची बॅटरी जेमतेम तासभर टिकेल," मास्तर म्हणाले. हैबती ताटावरनं उठला, पिशवी उचलली, निघाला. अंधारात जायची त्याला हौस नव्हती बरं का, पण बाईचा जीव होता.

पलंगाखालच्या कप्प्यात बॅटरी. मीटर लावला, बारा पॉइंट सहा. ठणठणीत. पण मशीन जोडलं की व्होल्टेज धाडकन खाली. म्हणजे कनेक्शन ढिलं. इंजिनाची आणि घराची निगेटिव्ह वायर एकाच नटाखाली, आणि तो नट सैल. पान्यानं आवळला, मशीन गाडीच्या बॅटरीवर घरघरायला लागलं. दोन मिनिटांत परत स्वतःच्या बॅटरीवर. बघतो तर नट परत सैल.

"बत्ती धरू का?"

दारात एक माणूस उभा. खांद्यावर घोंगडं. राखणदार असेल म्हणून हैबतीनं बत्ती त्याच्याकडं दिली. परत आवळला, परत सैल. तिसऱ्यांदा तर नट निघून खाली पडला. आता सांगा, उभ्या गाडीत नट निघतो का?

"राहू दे, बांधावरच्या पाण्याच्या पंपाची लाईटची पेटी आहे, तिच्यातनं वायर ओढतो," हैबती म्हणाला. पेटी चार पावलांवर. लाईट आहे का बघायला त्यानं त्या माणसाच्या हातात टेस्टर दिला.

"लाईट न्हाई," माणूस म्हणाला.

हैबतीनं स्वतः लावून बघितला. पेटला. परत त्याच्या हातात दिला, विझला. टेस्टर कधी पेटतो? धरणाऱ्याचे पाय भुईला लागले असले की. हैबतीनं खाली बघितलं. भुई आणि पाय, मधे दोन बोटं अंतर.

भ्याला. खोटं कशाला सांगू, चांगलाच भ्याला. पळायच्या बेतातच होता, पण आत मशीन टूं टूं करायला लागलं होतं, म्हणजे त्याची स्वतःची बॅटरी संपत आली. आणि त्याच घडीला पेटीतली लाईट गेली.

हैबती गाडीत शिरला. नट आवळला आणि दोन्ही मुठींत धरून तिथंच आडवा झाला. बारा व्होल्ट आहे, शॉक लागत नाही.

"मास्तर, चावी मारा. दवाखान्यापर्यंत थांबायचं नाही."

गाडी चालू झाली, निघाली. बांध दोन मैलांचा. थोडं गेल्यावर गार बोटं त्याच्या बोटांवर आली. करंगळी उचलली. मग शेजारचं बोट. ओढून नाही हो, हळूच, पोराच्या मुठीतनं खडा काढतात तसं. हैबती बोट मिटायचा, ते उघडायचं. कानाशी आवाज, "दमला असशील. सोड आता."

शेवटी दोन्ही मुठी उघडल्या. मशीन बंद. वर शरयूताईंनी आ वासला. हैबतीनं कप्प्यात मुंडी घातली आणि नटच दातात धरला. तोंडात शिशाची चव, डोळ्यांतनं पाणी. मशीन चालू झालं. मग ती बोटं त्याच्या जबड्याशी आली, ओठ उचलायला लागली, आणि तेवढ्यात बांध संपला. बोटं गेली.

दवाखान्यात शरयूताईंना आधी आत नेलं. मग नर्स गाडीत चढली. हैबती तसाच, नट दातात. "दादा, सोडा आता," ती म्हणाली.

त्यानं सोडला नाही. आधी तिचे पाय बघितले.

शरयूताई पुढं चार वर्षं जगल्या, दिवाळीला त्याला पत्र यायचं. पण तो बांध सोडा. वळसा पडतो पाच मैलांचा, पडू दे. हैबती अजून वळशानंच जातो, आणि तो काही भित्रा माणूस नव्हे.